तिसरा पुकारा

चारच्या चहाला आई हाक मारायची
आणि बाबा पहिल्या हाकेला कधीच आले नाहीत.
"अहो." पेपर हलायचा नाही.
"अहो, निवतोय." पेपराच्या कडेवर चष्मा उगवायचा.
तिसरीला मात्र उठायचे,
शर्टाचं वरचं बटण लावत
दारात ताठ उभे राहून म्हणायचे,
"हजर."

एकतीस वर्षं ठाण्याच्या सेशन्स कोर्टात
भोईर शिपायाचे पुकारे त्यांनी ऐकले.
तिसऱ्यानंतरच गैरहजेरी लागते, सांगायचे,
तोवर माणूस जिना चढतोय असं धरून चालायचं.

चरईच्या त्या दोन खोल्यांत
काळा कोट दारामागच्या खुंटीवर असायचा.
पांढरे बँड आई चादरींच्या कडेला वाळत घालायची;
मला ती बाहुलीची धोतरं वाटायची.
खून, दरोडे, जाळपोळ
लाल फितीत बांधून कपाटावर,
माझा हात पोचणार नाही इतक्या उंच.

मुरांब्याची बरणी फुटली
तेव्हा मी मांजराचं नाव घेतलं.
आमच्या मजल्यावर मांजर नव्हतं.
त्यांनी काचा वेचल्या, एकेक,
माझ्या चिकट तळव्याकडे पाहिलं
आणि म्हणाले, "आरोपी फरार दिसतोय."
त्या प्रकरणाला पुढची तारीख पडलीच नाही.

शिक्षा झाली म्हणून पेढे आले, असं आमच्याकडे घडलं नाही.
जन्मठेपेच्या दिवशी उशीर व्हायचा.
मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारून यायचे,
पाय धुवायचे बराच वेळ,
मग माझी भूगोलाची वही मागायचे.

आणि एका रात्री जेवले नाहीत.
कळव्याच्या कुणा पोराची केस होती.
साक्षीदार पाठ केल्यासारखं बोलला होता,
एक शब्द इकडचा तिकडे नाही.
दुसऱ्या दिवशी त्यांनीच उठून सांगितलं,
सरकार पक्षाकडे पुरेसा पुरावा नाही.
वरचे साहेब वर्षभर नीट बोलले नाहीत.
आईनं एवढंच विचारलं, "आज पान घेऊ ना?"
"घे," म्हणाले. "आणि भात थोडा जास्त."

निवृत्तीनंतर वाल सोलायचं काम
त्यांनी मागून घेतलं.
कोमट पाण्यात बोटं, शेजारी अन्वय,
ताटलीत सालांचा ढीग.
नातवाला सांगायचे: घाई केलीस की मोड तुटतो,
आणि दाणा जिवंत होता
हे दुसरं कोण सांगणार रे?
बिरडं व्हायला अकराचे दोन वाजायचे.
कुणी तक्रार केली नाही.
केली. मी केली, एकदा.
ते मान खाली घालून सोलत राहिले.

जवाहरबागेत भोईर आला होता,
काठी टेकत, मुलाच्या खांद्याला धरून.
छाती भरून घेतली त्यानं,
मला वाटलं, आता पुकारा करील.
नुसता खोकला.
मग म्हणाला, "वकीलसाहेबांचा पुकारा कधी केला नाय, ताई.
आमी दार उघडायच्या आदीच ते येऊन बसलेले."

तिथे सगळ्यांच्या आधी,
घरी तिसऱ्या हाकेला.
हे मी आईला सांगितलं तेव्हा
ती कितीतरी दिवसांनी हसली.
"माझंच कोर्ट ढिलं," म्हणाली.

आता चार वाजता ती दीड कप चहा टाकते.
"अहो," म्हणते, गाळणी झटकत.
मी काही बोलत नाही.
थोड्या वेळानं, जरा हळू,
"अहो, निवतोय."
आणि थांबते.
चहावर साय धरते.
तिसरी हाक ती मारत नाही.

जिन्यात चपला वाजतायत.
वरचे रणदिवे असतील.
बहुधा.